गार भिंतीशी मानाची जागा

घर घेताना मेरुएर्तने सगळं तपासलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तोही मान अशी कलती करून, की जणू विचारणाऱ्याला जन्मात कधी कुणी फसवलेलं नाही.

तिने घरातले सगळे नळ एकदम सोडून पाहिले. प्रत्येक सॉकेटमध्ये केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. खिडक्यांच्या फटींशी पेटती काडी धरली. खोल्याखोल्यांतून काचेच्या गोट्या सोडून जमिनीचा उतार पाहिला आणि त्या गोट्या सोफ्याखालून स्वतः काढून आणल्या. हे सगळं सात महिन्यांच्या तोमिरिसला कडेवर घेऊन. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई आई झाली की तिच्या काळजीलाही एक शिस्त येते. एजंट कायरोल्ला तोपर्यंत दारात उभे राहून रुमालाने मान पुसत होते.

"पोरी," ते म्हणाले, "घर घेतेयस की मुलगा पसंत करतेयस? नवरदेवाचेही दात कुणी इतके बघत नाही."

"नवरदेव बदलता येतो, व्याहीबुवा. घराचे हप्ते बदलत नाहीत."

दाऊरेन, म्हणजे तिचा नवरा, हे ऐकून जरा खोकला.

कायरोल्ला नुसते एजंट असते, तर ही गोष्ट दोन फोन आणि एका भांडणात आटोपली असती. पण ते व्याही होते. दाऊरेनची थोरली बहीण झानार त्यांच्या घरी दिलेली. आणि कझाक माणसाला देव एक वेळ क्षमा करील, व्याही करणार नाही. इकडे आपण एक शब्द जास्त बोललो, की तिकडे झानारच्या चहातली साखर कमी झालीच म्हणून समजा. उलट बाहेरच्या एजंटकडून घर घेतलं असतं, तर व्याही म्हणाले असते, आम्ही मेलो होतो का? तेव्हा प्रश्न एजंट निवडण्याचा नव्हताच. घर निवडायची मुभा होती, हेच पुष्कळ.

"आणि ही बाळाची खोली," म्हणत कायरोल्लांनी कोपऱ्यातल्या छोट्या खोलीचं दार उघडलं. "घरातली सगळ्यात उबदार. रेडिएटर बघ, कोरा करकरीत!"

ऑगस्ट चालला होता. कारागांदात ऑगस्टमध्ये डांबर बुटाला चिकटतं. मेरुएर्तने रेडिएटरला हात लावला, तो छान गार लागला. तोमिरिसने तर त्याला गाल टेकवला आणि डोळेच मिटले. मेरुएर्तच्या मनाने तिथल्या तिथे कौल दिला. हीच ती खोली.

नोटरीकडच्या करारात एक ओळ होती: 'खरेदीदाराने घर स्वतः पाहिले असून त्याची कोणतीही तक्रार नाही.' लोक ही ओळ न वाचता सही करतात. मेरुएर्तने ती वाचली, आणि वाचताना तिची मान अभिमानाने ताठ झाली. पाहिलं होतंच की! मग तिने छोट्या खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने पांढरे ढग रंगवले आणि पाळणा त्या रेडिएटरला खेटून लावला.

ऑक्टोबरच्या मध्यावर शहराने घरं तापवायचं गरम पाणी नळ्यांतून सोडलं. हा कारागांदातला सणच. घरोघर माणसं रेडिएटरवर हात ठेवून बसतात, नळ्यांतून गुडगुड ऐकू आली की एकमेकांना फोन करतात. मोठ्या खोलीत गुडगुडलं. स्वयंपाकघरात गुडगुडलं. छोट्या खोलीत मात्र लायब्ररीसारखी शांतता.

"हवा अडकली असेल," दाऊरेन म्हणाला. दाऊरेन कोळशाच्या खाणीत सर्वेक्षक. जमिनीच्या पोटातले बोगदे तो अचूक मापायचा. घरात मात्र त्याने खिळा ठोकला की भलत्याच ठिकाणचा गिलावा पडायचा.

हवेचं निदान जिन्यात पसरलं आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या झिनाइदा पेत्रोव्हना एक किल्ली घेऊन आल्या. "बारीक स्क्रू असतो, तो सोड. फुस्स होईल, मग पाणी येईल, मग बंद कर." फुस्स झालं नाही. वरच्या मजल्यावरचे विक्तोर अर्नोल्दोविच, निवृत्त खाणकामगार, हातोडी घेऊन आले. "लाड कशाला करता? ठोका!" ठोकलं. तो आवाज भिंतींतून सगळ्या इमारतीभर गेला आणि प्रत्येक मजल्यावरून कुणी ना कुणी, आमच्याकडे कोण मेलं, म्हणून विचारायला आलं. रेडिएटर तेवढा ढिम्म राहिला.

मग मेरुएर्त तोमिरिसला घेऊन उष्णता खात्याच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईंनी इमारतीचा नकाशा उघडला.

"त्या खोलीत रेडिएटर दाखवलाय. आहे ना?"

"आहे."

"इमारतीला गरम पाणी चालू आहे?"

"आहे."

"मग खोली गरम आहे."

"अहो, पण ती गार आहे!"

"तुम्हाला गार *वाटतेय*," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "लहान मूल असलं की होतं असं."

तरी त्यांनी एक तपासनीस पाठवला. त्याने स्वयंपाकघरात, उकळत्या सुपाच्या पातेल्याशेजारी थर्मामीटर धरला आणि शेरा मारला: उत्तम. छोट्या खोलीत का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "माप घराच्या मध्यावर घ्यायचा नियम आहे." जाताना सुपाचा एक वाडगाही त्याने संपवला. मध्यावरच उभा होता बिचारा.

खरं काय ते कळलं झिनाइदा पेत्रोव्हनांच्या जेवणावळीत. नव्याने राहायला आलेल्यांना जुन्या शेजाऱ्यांनी जेवायला बोलवायचं, ही कझाक रीत. झिनाइदा पेत्रोव्हना जन्माने रशियन. पण या जिन्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि रीतभातीच्या बाबतीत त्या कझाकांच्याच चुका काढायच्या. टेबलावर आंबवलेल्या कोबीचा डोंगर होता. मेरुएर्तने वाढून घेत सहज म्हटलं, "किती कुरकुरीत राहिलाय!"

"हा काय कुरकुरीत? गेनादीचा खायला हवा होतास! तुमच्या त्या छोट्या खोलीत ठेवायचा, मार्चपर्यंत दाताखाली वाजायचा. म्हणून तर त्याने तिथली नळी मुद्दाम बंद करून घेतली होती."

गेनादी म्हणजे घराचे आधीचे मालक. मेरुएर्तचा काटा हवेतच थांबला. "बंद? मग तो रेडिएटर?"

"तो होय? घर विकायच्या वेळेला टांगला त्याने, फोटोत चांगलं दिसावं म्हणून. मीच म्हटलं, गेना, वाकडा दिसतोय, जरा डावीकडे घे. मला वाटलं, नंतर नळी जोडून दिली असेल त्याने."

मेरुएर्त जेवण अर्धं टाकून वर आली. तिने रेडिएटरला दोन्ही हात लावले, उचलला, आणि भिंतीवरची तसबीर निघावी तसा तो अलगद निघाला. त्याच्या नळ्या भिंतीवरच्या पातळ फळीत दोन बोटं शिरून संपल्या होत्या. दाऊरेन धावत वर आला, तेव्हा बायको खोलीच्या मधोमध रेडिएटर कुशीत घेऊन उभी होती.

रेडिएटरवरून बोट फिरवून तो म्हणाला, "नवा आहे, हे तर खोटं नव्हतं."

मेरुएर्तने व्याह्यांना फोन लावला. दाऊरेन समोर हात जोडून उभा राहिला: झानार, झानार!

"व्याहीबुवा, बाळाच्या खोलीतला रेडिएटर नुसता टांगलेला आहे."

"असं?" कायरोल्लांचा आवाज खरोखरच चकित झाला, पण एजंटचा आश्चर्याचा झटका फार टिकत नाही. "पण पोरी, मी काय म्हटलं होतं? रेडिएटर आहे. आहे की नाही?"

"आहे."

"कोरा आहे. आहे की नाही?"

"तुम्ही *उबदार* म्हणाला होतात."

"ऑगस्टमध्ये नव्हती का उबदार?" मग आवाज मऊ झाला. "हे बघ, मी दाखवतो, बघणारा बघतो. बघायची जबाबदारी घेणाऱ्याची, तसं करारातच लिहिलंय. आणि तू तर गोट्यासुद्धा सोडल्यास! गेनादी आता मुलीकडे गेला, समुद्राकाठी. त्याला मी कुठे शोधू? बरं, झानार मजेत आहे हं. सांगतो तिला तुझा फोन आला होता म्हणून."

वाईट याचंच वाटलं, की म्हातारा अर्धा बरोबर होता. हात तिने लावला होता. आणि गार लागला, म्हणूनच तिला तो आवडला होता. पण अर्धा बरोबर म्हणजे अर्धा चूकही. हा दुसरा अर्धा त्यांच्या पदरात कसा घालायचा, तेवढाच प्रश्न होता.

नोव्हेंबर सरता सरता सासूबाई आल्या. कुल्यान आपा एकट्या कधीच यायच्या नाहीत; या वेळी त्यांच्याबरोबर अर्धा घोडा होता. हिवाळ्यासाठी घोडा कापायचा आणि मांस मुलांना वाटायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. छोट्या खोलीचं दार उघडताच त्यांच्या तोंडावर थंडी आली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! घरातच शीतगृह! सूनबाई, तू शिकलेली आहेस हे मला आज पटलं."

"आपा, ही तोमिरिसची खोली आहे."

"तोमिरिसला खोली कशाला हवी? तिला आई आहे."

संध्याकाळपर्यंत ढगांच्या रांगेखाली घोड्याच्या बरगड्या टांगल्या गेल्या. पाळण्याच्या कठड्यावर घोड्याच्या मांसाचं सॉसेज, म्हणजे काझी, माळेसारखं पसरलं. आपांनी खिडकीची वरची झडपही उघडी टाकली, 'मांसाला वारा लागायला हवा' म्हणून. मग त्यांनी व्याह्यांना फोन करून असलं घर शोधून दिल्याबद्दल तोंड भरून आभार मानले. दोन दिवसांत झिनाइदा पेत्रोव्हनांचं कोबीचं पिंप आलं, त्यामागून विक्तोर अर्नोल्दोविच यांची डुकराची चरबी आली, आणि ती घोड्यापासून लांब ठेवावी की नाही, यावर जिन्यात एक चर्चासत्र झालं. भल्या सकाळी दारावर टकटक व्हायची. "मेरुएर्त, झोपली असशील तर झोप, मी फक्त वाडगाभर कोबी घेऊन जाते."

मग काझी दोरीवर गेली आणि पाळणा मोठ्या खोलीत सोफ्यामागे आला. तिथे टीव्ही, आपांचे टेलिफोन आणि दाऊरेनचं घोरणं. तोमिरिस डोळा लागला की दचकून उठायची. आणि सगळं घर, सगळा जिना, खुद्द सासूबाई त्या घराच्या दोषावर इतके खूश, की आता तक्रार करणारी मेरुएर्तच कटकटी ठरली. आपली गाऱ्हाणी कुणी ऐकली नाहीत, याचं माणसाला दुःख होतं. पण आपल्या गाऱ्हाण्यात येऊन लोकांनी पिंपं ठेवली, तर?

"व्याह्यांना जेवायला बोलवायला हवं," एक दिवस चहा पिताना आपा म्हणाल्या. "वास्तूचं जेवणही राहिलंय. मेंढीचं डोकं मांडू, अंगावर मानाचा झगा, चापान घालू. त्यांनी एवढं केलं आपल्यासाठी."

मेरुएर्त चहा ओतत होती. आपांच्या पेल्यात रीतीप्रमाणे तळाशी घोटभरच, कारण पाहुणा जितका मोठा तितका चहा थोडा. पुन्हा पुन्हा वाढता यावा म्हणून. तिने त्या घोटभर चहाकडे पाहिलं. तो किती लवकर निवतो, ते पाहिलं. आणि किती तरी दिवसांनी हसली.

"बोलवू या की, आपा. अगदी मानाने."

जेवणाच्या दिवशी तिने मांस गॅलरीत हलवलं, पिंप दाराबाहेर काढलं आणि बसायचं बुटकं टेबल छोट्या खोलीत मांडलं. मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब, समोरच्या भिंतीशी. पुन्हा टांगून ठेवलेल्या रेडिएटरच्या पुढ्यात. तिथे तिने सगळ्यात जाड गादी घातली. खिडकीची झडप पाहुणे यायच्या जरासं आधी, आठवणीने, बंद केली.

"इथे?" आपांनी दारातून विचारलं.

"व्याहीबुवांनी स्वतः निवडलेली खोली आहे, आपा. घरातली सगळ्यात उबदार, असं म्हणाले होते. त्यांचा शब्द आपण खाली पडू द्यायचा?"

आपांनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं. त्या स्वतःही कधीकाळी कुणाची तरी सून होत्या. "मग मी लोकरीचे मोजे घालते," एवढंच म्हणून त्या गेल्या.

कायरोल्ला आले ते पत्नीला, म्हणजे विहीणबाई शोल्पान यांना घेऊन. मेरुएर्तने त्यांचा कोट आदराने उतरवला, टोपी काढून घेतली आणि दोन्ही वस्तू बाहेर पॅसेजमध्ये टांगल्या, चांगल्या गरम रेडिएटरशेजारी. शेजारीही बोलावले होतेच. मानाच्या जागी बसताच कायरोल्लांचे खांदे जरा वर गेले.

"पाठ टेका ना, व्याहीबुवा, मागे रेडिएटर आहे."

"असू दे, असू दे."

चहा आला. घोटभर. तो ओठाशी जाईपर्यंत निवला. पुन्हा घोटभर, पुन्हा निवला. "अजून एक, व्याहीबुवा." इतका सन्मान कायरोल्लांचा आजवर कुणी केला नव्हता. मग बेशबारमाकचं मोठं ताट आलं, पिठाच्या पातळ चादरींवर उकडलेलं मांस. वाफ क्षणभर दिसली आणि गेली. पाठोपाठ मांसावरची चरबी पांढरी होऊन थिजायला लागली. झिनाइदा पेत्रोव्हना शालीत गुंडाळून घेऊन आनंदाने जेवत होत्या. कायरोल्लांपुढे मेंढीचं डोकं होतं, आणि मानकऱ्याला ते कापून वाटल्याखेरीज उठता येत नाही. त्यांचं नाक लाल झालं होतं. सुरी हातात नीट धरवत नव्हती.

"कान लेकराला देतात," ते कसेबसे म्हणाले. "शहाण्यासारखं ऐकावं म्हणून. आणा तोमिरिसला."

मेरुएर्तने तिला आणलं. लोकरीची टोपी, हातमोजे, वर रजई. मधोमध दोन डोळे.

"एवढं कशाला गुंडाळलंय पोरीला?"

"स्वतःच्या खोलीत आलीय ना, व्याहीबुवा," मेरुएर्त गोड आवाजात म्हणाली. "बाकी घरात ती साध्या फ्रॉकवर असते."

विहीणबाईंनी पेला खाली ठेवला. आधी बाळाकडे पाहिलं, मग ढगांकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो, ही बाळाची खोली? ही तुम्ही दाखवलीत?"

"रेडिएटर आहे!" असं म्हणत कायरोल्ला मागे वळले आणि पुराव्यादाखल त्यांनी तो पकडला. तो हातातच आला. मेंढीच्या डोक्यासमोर, मानाच्या जागी, घरांचे एजंट कायरोल्ला मांडीवर रेडिएटर घेऊन बसले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," झिनाइदा पेत्रोव्हना म्हणाल्या, "वाकडा आहे."

मेरुएर्तने फक्त त्यांच्या पेल्यात चहा ओतला. घोटभर.

जेवण संपलं की ज्येष्ठाने तळहात पसरून घराला आशीर्वाद द्यायचा असतो. कायरोल्लांनी रेडिएटर हलकेच खाली ठेवला, हात पसरले. तोंडून निघालेली वाफ सगळ्यांना दिसली.

"या घरात अन्नाला कधी तोटा न पडो. हे लेकरू मोठं होवो, शहाणं होवो. आणि..." ते थांबले. त्यांनी बाळाकडे पाहिलं. "आणि येत्या शनिवारच्या आत या खोलीत ऊब येवो. आमीन."

"आमीन!" म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आपांनी जरा जोरातच फिरवले. करारातली ओळ माणूस आपल्या बाजूने वळवतो. पण भरल्या ताटावर दिलेला आशीर्वाद? तो व्याह्यालाही परत घेता येत नाही. मेरुएर्तने त्यांच्या खांद्यांवर रजईसारखा भरलेला नवा चापान घातला. तो त्यांनी इतक्या ओढीने कानापर्यंत ओढून घेतला, की असा मनापासून घेतलेला आहेर कुणी पाहिला नसेल.

दारात बूट चढवताना ते म्हणाले, "पोरी, माझ्यावर लोक ओरडलेत. एकाने तर कोर्टात खेचायची धमकी दिली. पण मानाच्या जागी बसवून आजवर कुणी गोठवलं नव्हतं."

"तुम्ही व्याही. तुम्हाला मी वाईट कसं बोलू?"

"तेच तर." ते जरा घुटमळले. "दाखवण्याआधी मी हात लावून बघायला हवा होता."

"मी लावला होता, व्याहीबुवा. गार लागला म्हणून तर आवडला."

म्हातारा इतका हसला, की चापानाचा पट्टा सुटला. तिथेच वाटणी झाली: नळी जोडून द्यायची त्यांनी, फळी फोडून भिंत पुन्हा रंगवायची हिने.

उष्णता खात्याच्या खिडकीत ते काय बोलले ते ठाऊक नाही. पण शनिवारी माणसं आली, नळी जोडली आणि छोट्या खोलीत गुडगुडलं. मेरुएर्तने रेडिएटरवर तळहात ठेवला, चटका बसला, तरी काढला नाही. दाऊरेनने पाळणा उचलून आणला. आपा म्हणाल्या, "माझी काझी कुठे जायची आता?" आणि मग, दाराआडून, कुणी ऐकत नाहीसं पाहून, झानारला फोनवर सांगू लागल्या, "आमच्या सुनेने काय केलं माहितेय?" झिनाइदा पेत्रोव्हना आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर मऊ पडलेल्या कोबीचा वाडगा घेऊन आल्या आणि तो मऊ कुणामुळे पडला, ते सांगून गेल्या.

हल्ली कायरोल्ला विकायला आलेल्या प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीत आधी बसून एक पेला चहा पितात. चहा किती वेळात निवतो, ते बघतात आणि मगच गिऱ्हाईक आणतात. ही आपल्या घराण्याची जुनी पद्धत आहे, असं ते लोकांना सांगतात. एका लग्नात ते हे सांगत असताना मेरुएर्त शेजारच्याच टेबलावर होती. तिने काही दुरुस्ती केली नाही. फक्त मान ताठ करून बसली, नोटरीकडे बसली होती तशी.

परवा त्यांचा फोन आला.

"पोरी, एक घर आहे. चांगलं वाटतंय. पण ऑगस्ट आहे, चहा निवतच नाही! तुझ्या त्या गोट्या घेऊन येतेस का?"

"येते, व्याहीबुवा." मेरुएर्तने गोट्या पर्समध्ये टाकल्या आणि तोमिरिसला, आता ती चांगली पळते, हाक मारली. "चल गं! रेडिएटर उचलून बघायचेत."